सेव्होफ्लुरेन आणि कंपाऊंड ए : २ लिटरची अट काढावी का?

लो-फ्लो समर्थक : सेव्होफ्लुरेन हा भुलीचा वायू. अमेरिकेतल्या माहितीपत्रकानुसार फ्रेश गॅस फ्लो (भुलीच्या यंत्रात सोडलेला ताजा वायू) मिनिटाला १ ते २ लिटर असेल तर तो २ मॅक-तासांपुढे (मॅक म्हणजे निम्मे रुग्ण चिरेला हलत नाहीत इतकी मात्रा, गुणिले तास) देऊ नये, आणि १ लिटरखाली उतरूच नये. ही भीती उंदरांच्या मूत्रपिंडांवरून आली. यंत्रात उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडालाइममधल्या तीव्र अल्कलीमुळे सेव्होफ्लुरेन तुटून कंपाऊंड ए हे संयुग बनतं. त्याला विषारी रूप देणारं बीटा-लायेज हे एन्झाइम उंदरांच्या मूत्रपिंडात माणसापेक्षा ८ ते ३० पट सक्रिय असतं. मग त्या मोजपट्टीने माणूस का मोजायचा? या अटीपायी वायू आणि पैसा दोन्ही वाया जातात.

मूत्रपिंडवाला : माणसांवरही चाचण्या झाल्यात, त्या का विसरता? निरोगी स्वयंसेवकांना २ लिटर फ्लोवर १.२५ मॅक, सलग ८ तास, म्हणजे १० मॅक-तास. १९९७ च्या चाचणीत लघवीत अल्ब्युमिन, ग्लुकोज आणि अल्फा-जीएसटी (नलिकेच्या पेशींना इजा झाल्यावर लघवीत येणारं एन्झाइम) तात्पुरतं वाढलं. १९९८ मध्ये दुसऱ्या गटाने तेच केलं, तेव्हा इजा दिसली नाही. निकाल असे परस्परविरोधी असताना, आधीच अधू मूत्रपिंडाच्या रुग्णाबद्दल छातीठोक बोलणं मला मान्य नाही.

लो-फ्लो समर्थक : पण १९९७ मध्येही रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं नव्हतं.

मूत्रपिंडवाला : क्रिएटिनिन गाळणक्रिया बरीच घसरल्यावरच वाढतं. नलिकेच्या पेशींची इजा त्यात दिसतच नाही. चाचणी करायची तर भुलीआधी आणि नंतर तीन दिवस २४ तासांची लघवी गोळा करा. इन्स्पिरेटरी (रुग्णाकडे वायू नेणाऱ्या) नळीतून दर तासाला गॅस-टाइट सिरिंजने नमुना घेऊन गॅस क्रोमॅटोग्राफवर (वायूतले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) कंपाऊंड ए मोजा. आणि त्याच फ्लोवर डेसफ्लुरेनचा (दुसऱ्या भुलीच्या वायूचा) गट हवाच. शस्त्रक्रियेनेही अल्ब्युमिन वाढतं, त्यामुळे तुलनेशिवाय आकडा निरर्थक.

कॅनिस्टर : दोघेही सोडालाइम बदलण्याचा विचार करत नाही! फ्लो कमी केला की कॅनिस्टर (सोडालाइमचा डबा) जास्त तापतो, धुऊन जाणारा वायू कमी, म्हणून कंपाऊंड ए साचतं. सोडियम-पोटॅशियम हायड्रॉक्साइड नसलेलं, कॅल्शियम हायड्रॉक्साइडवर चालणारं शोषक वापरलं तर ते जवळपास बनतच नाही. शनिवार-रविवार ऑक्सिजन चालू राहून सोडालाइम वाळलं तर मात्र कॅनिस्टर धोकादायक तापतो, कार्बन मोनॉक्साइडही बनतो. रंगावर भिस्त नको. वापरलेलं जांभळं सोडालाइम विश्रांतीनंतर पुन्हा पांढरं दिसतं.

मूत्रपिंडवाला : शोषक बदललेल्या ठिकाणी अट सैल करायला माझी हरकत नाही. पण जुनं सोडालाइम भरलेल्या मशीनवर अर्ध्या लिटरने सहा तास चालवणं, याला माझा विरोध कायम.

लो-फ्लो समर्थक : मग अट फ्लोवर नको, शोषकावर घाला.