मदत हवी आहे: २८ गिगाहर्ट्झचा पॉवर अँप्लिफायर लेआउटनंतर रुसलाय
नमस्कार मंडळी. एम.टेक.साठी ६५ नॅनोमीटर सीमॉस या चिप-तंत्रज्ञानात दोन स्टेजचा डिफरन्शियल अँप्लिफायर करतेय. स्कीमॅटिकवर (नुसत्या सर्किट-आकृतीवर) गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, १८ डीबी, सगळं छान. ईएम सिम्युलेशन (लेआउटमधल्या तारांचा विद्युतचुंबकीय परिणाम धरणारं) जोडलं आणि गेन १३ वर आला, पीकही २५ गिगाहर्ट्झला सरकला. ट्रान्झिस्टरच्या गेटपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतची ४० मायक्रॉनची तार धरलीच नव्हती. तो गाढवपणा माझाच, निस्तरतेय.

खरी डोकेदुखी वेगळी. न्यूट्रलायझेशनचे कपॅसिटर डिफरन्शियल मोडमध्ये (दोन्ही बाजूंचे सिग्नल एकमेकांच्या उलट असताना) गेट-ड्रेनचा फीडबॅक मारतात, पण कॉमन मोडमध्ये (दोन्ही सिग्नल सारखे असताना) तेच तो वाढवतात, आणि तिथे सर्किट ऑसिलेट होतंय, म्हणजे इनपुट नसतानाही आपोआप सिग्नल काढतंय. गेट बायसच्या सेंटर टॅपवर (ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीच्या मधल्या जोडणीवर) रेझिस्टर टाकून भागेल का? किती ओहमपासून सुरुवात करू? की सप्लायच्या टॅपवरचं डीकपलिंगच (सप्लाय स्थिर ठेवणारे कपॅसिटर) आधी तपासू? टेप-आउटला (डिझाइन चिप बनवायला पाठवायला) तीनच आठवडे उरलेत.