१९८१चे नियम काढले, दोघं मेले, मजा आली नाही. चुकतंय कुठे?

कोथरूडचा_कोबोल्ड
आमचा पाच जणांचा ग्रुप एरवी डन्जन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाची फिफ्थ एडिशन खेळतो, डीएम (म्हणजे खेळ चालवणारा) मी. परवा हौसेने १९८१चा बेसिक संच काढला आणि त्यासोबत यायचं ते 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स' हे तयार साहस. पात्राचे सहा गुण ठरवायला तीन फासे, सहा वेळा, पडेल तो आकडा त्याच क्रमाने. कोबोल्ड नावाच्या बुटक्या राक्षसांच्या गुहेत शिरल्या शिरल्या फायटर खड्ड्यात पडून मेला. विझर्डने एकुलता एक मंत्र वापरून टाकला आणि पुढच्या चकमकीत तोही आडवा. मग नुसतं फासा टाक, हुकला, परत टाक. एक जण मोबाईल काढून बसला.

मशाली मोजणं वगैरे कारकुनी मी गाळली होती. एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) नेहमीसारखे, मारलेल्या राक्षसांचे. लोक ज्या 'ओल्ड स्कूल फील'चे गोडवे गातात तो हाच का?

चौकटीची_वही
भाऊ, जे गाळलंत ना, नेमका तोच खेळ होता. उरली ती फक्त मारामारी, आणि या नियमांत मारामारी मुळातच भिकार आहे.

वेळेचंच बघा. दहा मिनिटांचा एक टर्न, मशाल सहा टर्न टिकते. दर दोन टर्नांनी डीएमने एक फासा टाकायचा, एक पडला की अंधारातून कोणीतरी येणार. त्यामुळे 'ही भिंत नीट चाचपून बघू' म्हणणं फुकट राहत नाही. आमच्याकडे मशालींचा हिशेब बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई ठेवतात. त्यांनी पेन्सिल खाली ठेवून "परतीला तीन टर्न, मशाल चार टर्नांची" एवढं म्हटलं की टेबलावर जी बोंबाबोंब सुरू होते, ती कुठल्याही ड्रॅगनने होत नाही.

दुसरं सोनं. एका सुवर्णनाण्याला एक एक्सपी. फायटरला दुसऱ्या लेव्हलला २००० लागतात आणि गोब्लिन मारून मिळतात ५, तेही सगळ्यांत वाटून. म्हणजे लढणं हा घाट्याचा धंदा! खजिना उचला आणि सटका. तुम्ही राक्षसांचेच एक्सपी दिलेत, मग पोरं लढणारच की.

तिसरं, समोर आलेला प्रत्येक प्राणी अंगावर धावत नाही. दोन फासे टाकून त्याचा मूड ठरतो. थेट हल्ला फक्त बेरीज दोन आली तर, बाकी बोलायला जागा असते. चकमकीत त्यांचा पहिला गडी पडला की त्यांचंही धैर्य तपासायचं, बरेचदा पळतात.

आता गंमत सांगतो. (ज्यांना पुढे हे खेळायचंय त्यांनी हा परिच्छेद सोडा.) गोब्लिनांच्या गुहेशेजारी एक ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, राहतो. गोब्लिन अडचणीत आले की २५० नाण्यांची थैली चोरदारातून त्याच्याकडे टाकतात आणि तो मदतीला येतो. आमच्याकडे तो आला तेव्हा लढायच्या लायकीचं कोणी उरलंच नव्हतं. दोन हिट पॉइंटवाला (म्हणजे एका फटक्यात मरेल असा) विझर्ड म्हणाला, "ओगरकाका, आमच्याकडे तीनशे आहेत." याला नियम नाही. डीएमने क्षणभर विचार केला, विचारलं, "आत्ता दाखवतोस की नंतर देतोस?" पुढे अर्धा तास निव्वळ घासाघीस. कॅरेक्टर शीटकडे (पात्राचे आकडे लिहिलेल्या कागदाकडे) कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. मला विचाराल तर फील तो हाच.

निशाचर८
वहीसाहेबांना +१, पण पूर्वी सगळे असंच खेळायचे हे काही खरं नाही. १९७४च्या मूळ संचात तीन पातळ पुस्तिका होत्या. लढाईसाठी 'चेनमेल' हा वेगळा वॉरगेम आणि रानावनातल्या प्रवासासाठी 'आउटडोअर सर्व्हायव्हल'चा पट तुमच्याकडे असेल असं ती धरूनच चालायची! मधल्या फटी ज्याने त्याने आपापल्या परीने बुजवल्या. या खेळाचा एक निर्माता डेव्ह आर्नेसन, त्याचा मिनिसोटातला 'ब्लॅकमूर' हा खेळ तर त्याही आधीपासून चालू होता. एकच शुद्ध जुनी पद्धत असं काही नाही.

मला स्वतःला मशाली मोजायचा वैताग येतो. मी भटक्या राक्षसांचा फासा ठेवतो, बाकी सोडून देतो. चालतं.

कोथरूडचा_कोबोल्ड
सोन्याचं पटलं, या वेळी तसंच करतो. पण मेलेल्या फायटरवाला विचारतोय, दर वेळी खड्ड्यात पडून मरायचं तर मी नाव तरी कशाला ठेवू?

चौकटीची_वही
त्याला सांगा, आधी खड्डा शोध. फासा टाकून नव्हे, तोंडाने. "लांब काठीने पुढची जमीन ठोकत चालतो" म्हणाला तर डीएमने सरळ सांगावं की इथे पोकळ वाजतंय. संच नुसता हवाच असेल तर 'ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स' घ्या, तेच १९८१चे नियम नीट मांडलेत, शोधाशोध वाचते.

आणि साहसातल्या त्या किल्ल्यावरून (कीपवरून) दोन-तीन गडी भाड्याने न्या, मशाल धरायला नाहीतरी कोणी लागतंच. फायटर मेला की त्यातलाच एक त्या मुलाला खेळायला द्या, म्हणजे उरलेला वेळ तो मोबाईल बघत बसणार नाही. मात्र गड्यांचा पगार ठरवताना घासाघीस त्यालाच करू द्या.