मदत हवी आहे : कारखान्याच्या दारांसाठी कार्ड, बोट की चेहरा?

यंत्रमग्न
भोसरी एमआयडीसीत आमचा सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे आणि दारांवर ये-जा नियंत्रणाची नवी यंत्रणा बसवायची आहे. तीन कोटेशने आली असून एक विक्रेता कार्ड घ्या म्हणतो, दुसरा बोटाच्या ठशावर अडून बसला आहे, तर तिसऱ्याला चेहरा ओळखणाऱ्या यंत्राखेरीज काहीच विकायचे नाही. गुरुवारच्या आत निर्णय द्यायचा आहे, त्यामुळे ‘गरजेप्रमाणे ठरवा’ असे उत्तर कृपया देऊ नये. काय घ्यावे एवढेच सांगावे.

जोडतार
दारे किती, काचेची की लोखंडी, माणसे किती, आणि मुळात हे आत्ताच का सुचले, यांतले आपण काहीच लिहिलेले नाही.

भट्टीवाला
बोटाचा विचारच करू नका. दिवसभर कूलंटमध्ये (यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रवात) हात घालणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. आमच्याकडे सकाळच्या पाळीला यंत्रापुढे रांग लागायची आणि ज्यांचा ठसा पटत नसे, ते शेवटी वॉचमनकडून दार उघडून घेत. म्हणजे यंत्र असून नसल्यासारखेच. चेहऱ्याचे यंत्र बसवल्यापासून सुख आहे.

नीलाक्षी
तेच यंत्र पश्चिमेच्या दारावर, उन्हासमोर लावले असते तर सुख टिकले असते का, हे विचारून पाहा. शिवाय कार्ड हरवले तर दोन मिनिटांत रद्द होते. चेहऱ्याची किंवा बोटाची माहिती बाहेर गेली तर माणसाला दुसरा चेहरा देता येत नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली झाला आहे, तेव्हा ही माहिती कुठे आणि किती दिवस राहणार, याचे उत्तर विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. माझे मत कार्डालाच आहे, मात्र 125 किलोहर्ट्‌झचे स्वस्त कार्ड नको. ते समोर येईल त्या यंत्राला आपला क्रमांक सांगून टाकते आणि त्याची नक्कल सहज होते. 13.56 मेगाहर्ट्‌झमध्येही मायफेअर क्लासिक या जातीचे कार्ड टाळावे, कारण त्याचे सुरक्षेचे कूट 2008 सालीच फुटले. डेसफायर जातीचे कार्ड मागावे.

भट्टीवाला
आणि एकाचे कार्ड दुसऱ्याने लावले तर? चेहरा उसना देता येत नाही, ताई.

नीलाक्षी
ती हजेरीची अडचण झाली. दार कोणी उघडावे आणि पगार कोणाला द्यावा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाच यंत्राने दोन्ही सोडवण्याच्या हट्टातच बहुतेकांचे पैसे जातात.

निवृत्त हिशेबनीस
हजेरीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, ओव्हरटाइमचे तास थेट पगारपत्रकात उतरतील अशी आज्ञावली घ्यावी. आमच्या काळी महिनाअखेरीस तीन माणसे रात्री बसून मस्टर जुळवत असत.

यंत्रमग्न
काका, पगाराचे मी विचारलेले नाही. दारे चार आहेत : मुख्य प्रवेशाचे काचेचे, ऑफिसचे, यंत्रे चालतात त्या शॉपचे शटर आणि टूल स्टोअरचे लोखंडी. माणसे पंच्याऐंशी, त्यांतली निम्मी ठेकेदाराची. स्टोअरमधून कार्बाइड इन्सर्टचे (धातू कापणाऱ्या महागड्या पात्यांचे) खोके गेले म्हणून हे सारे चालले आहे. त्या दाराला थंब मशीन आणि मॅग्नेटिक लॉक आधीपासून आहे, तरी माल गेला आणि मशीनमध्ये एकाही ठशाची नोंद नाही. विक्रेता म्हणतो, मशीन जुने झाले.

जोडतार
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवे होते. चोरी कोणत्या वारी लक्षात आली?

यंत्रमग्न
शुक्रवारी सकाळी. वाराचा काय संबंध?

जोडतार
गुरुवार म्हणजे तुमच्या भागातली साप्ताहिक सुट्टी, आणि महावितरणची दुरुस्तीची कामेही बहुधा त्याच दिवशी निघतात. मॅग्नेटिक लॉक वीज असेपर्यंतच दार धरून ठेवते. 280 किलोंचा ओढा सोसणारे लॉक 12 व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर घेते, म्हणजे 7 अँपिअर-तासांची नवी बॅटरी कागदावर चौदा तास पुरते. पण दोन-तीन वर्षे कोणी हात न लावलेली बॅटरी किती पुरेल ते तीच जाणे. बॅटरी संपली की मशीन बंद, लॉक सुटे, आणि बंद मशीन नोंद कसली करणार? कारखान्यात माणूस नाही नेमक्या त्या दिवशी तुमचे स्टोअर आपोआप उघडत असावे. नवे यंत्र कार्डाचे घ्या नाहीतर चेहऱ्याचे, लॉक तेच राहिले तर पुढच्या गुरुवारीही हेच होईल. स्टोअरला वीज गेल्यावरही बंद राहणारे इलेक्ट्रिक स्ट्राइक, म्हणजे चौकटीत बसणारी विजेची खिट्टी, बसवावे आणि आतून साधी मूठ फिरवून बाहेर पडता यावे.

भट्टीवाला
मग चारही दारांना तेच बसवावे, वाद मिटला.

जोडतार
तसे करू नये. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे बाहेर पडण्याचे दार आतून किल्लीवाचून उघडलेच पाहिजे. मुख्य काचेच्या दाराला मॅग्नेटिक लॉकच बरे, फक्त आगीचा इशारा वाजताच त्याची वीज रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) थेट तुटावी. ते काम संगणकाच्या भरवशावर सोडू नये. दारालगत आतल्या बाजूला काच फोडून वीज तोडणारी हिरवी डबीही हवी. शटरवर यंत्रणा लावून उपयोग नाही, तिथे कुलूप आणि माणूस. यंत्रमग्न, आणखी एक पाहा : सध्याच्या मशीनमधून लॉकची तार थेट बाहेरच्या बाजूने गेली आहे का? तसे असेल तर मशीन भिंतीवरून उपटून दोन तारा जोडल्या की दार उघडते. लॉक उघडण्याचा हुकूम देणारा कंट्रोलर नेहमी आत असावा.

यंत्रमग्न
आज दुपारी मेन स्विच काढून घड्याळ लावून बसलो. एक तास चाळीस मिनिटांनी लॉक सुटले आणि दार स्वतःच्या वजनाने चार बोटे उघडले. बॅटरी फुगलेली आहे. तारही बाहेरच्याच मशीनमधून जाते. स्टोअरसाठी स्ट्राइक, आत कंट्रोलर आणि नीलाक्षीताईंनी सांगितलेली कार्डे, असे तिन्ही विक्रेत्यांना कळवले आहे. दोघांनी स्ट्राइकसाठी लोखंडी चौकट कापावी लागेल असे सांगितले. तिसरा अजून चेहऱ्याचेच मशीन सुचवतो आहे. चौकट कापताना कडी-कोयंडा ठेवावा की काढावा?

जोडतार
ठेवा. गुरुवारी वॉचमनला बाहेरून कुलूप घालू द्या, मात्र आधी आत कोणी नाही ना हे पाहून.