क्लाऊनफिशच्या अंगावर सायीसारखा पदर, कॉपरचं (तांब्याचं) औषध देऊनही उतार नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, प्रतापनगरला राहते. आज रात्रीच काहीतरी करावं लागेल असं दिसतंय, म्हणून घाईघाईत लिहितेय.

गेल्या शनिवारी मुंबईहून ऑसेलारिस क्लाऊनफिशची जोडी मागवली. ६० लिटरच्या क्वारंटाइन टँकमध्ये (नवे मासे वेगळे ठेवायच्या टाकीत) आहेत. स्पंज फिल्टर, पीव्हीसी पाईपचे दोन तुकडे, वाळू-दगड काही नाही. ग्रॅव्हिटी (खारेपणाचं माप) १.०२५, अमोनिया शून्य. पाणी मात्र ३० डिग्रीच्या खाली येतच नाही. बाहेर ४४ आहे, कूलर दिवसभर सुरू, शिवाय पाण्यावर टेबलफॅन.

तिसऱ्या दिवशी मोठीच्या डोक्यावर फिकट डाग दिसला. मला व्हाइट स्पॉट (पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग) वाटला. औषध शोषून घेणारा कार्बन फिल्टरमधून काढून चिलेटेड कॉपर सुरू केलं, दोन दिवसांत २ पीपीएमवर (दशलक्ष भागांत दोन भाग) आणलं. काहीच फरक नाही. आता पाठभर पांढरट पदर आलाय, तापवलेल्या दुधाच्या कडेला धरते तशी साय. ती वळली की त्याची चिंधी शेपटीमागे हलते. कल्ले मिनिटाला शंभराच्या वर हलतात, घड्याळ लावून मोजले. काल आर्टेमिया (खायला देतात ती बारीक कोळंबी) तोंडात घेतला आणि थुंकला. धाकटा खातोय, पण तोही बुडबुड्यांपाशीच उभा असतो, त्यामुळे व्हेल्व्हेट या दुसऱ्या परजीवी रोगाची भीती वाटतेय.

हा व्हेल्व्हेट की ब्रुकलिनेला (हाही परजीवी रोगच)? कॉपर चालू ठेवू का? ३७ टक्के फॉर्मॅलिन (फॉर्मल्डिहाइडचं द्रावण) आणून ठेवलंय, पण एवढ्या गरम पाण्यात द्यायची हिंमत होत नाही. फार जीव लावलाय हो यांना.

प्रतिसाद:
ताई, वर्णन ब्रुकलिनेलाचं आहे. व्हाइट स्पॉट मिठाच्या दाण्यांसारखा, सुटा, मोजता येईल असा. व्हेल्व्हेट म्हणजे पिठी भुरभुरल्यासारखी बारीक सोनेरी धूळ. पदर सुटून लोंबतो तो ब्रुकलिनेला, आणि तो क्लाऊनला इतका होतो की त्याला क्लाऊनफिश डिसीजच म्हणतात. तरी खोलीतला दिवा बंद करून मोबाईलची टॉर्च बाजूने मारून बघा.

ब्रुकलिनेलावर कॉपरचा उपयोग नाही, फॉर्मॅलिनच लागतं. ते टँकमध्ये ओतू नका. वेगळ्या बादलीत नवं खारं पाणी घ्या, १० लिटरला दीड मिली. गरम पाण्यात ते जास्त झोंबतं आणि ऑक्सिजनही कमी होतो, म्हणून झाकणबंद बर्फाच्या बाटल्या सोडून पाणी सावकाश २७-२८ वर आणा. एअरस्टोन पूर्ण जोरात. ३० ते ४५ मिनिटं, बादलीसमोरून उठू नका. मासा आडवा झाला तर तत्काळ काढा. फॉर्मॅलिनच्या तळाशी पांढरा साका असेल तर ते अजिबात वापरू नका, विषारी असतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. आणि नंतर त्याच टँकमध्ये परत सोडू नका, नाहीतर रोग तिथेच वाट बघत असतो. धुऊन वाळवलेला टब, ताजं पाणी. धाकट्यालाही द्या, तो खातोय म्हणून थांबू नका.

धागालेखिका:
टॉर्च मारली, सोनेरी काही नाही. बाटलीत साका नाही. बादली २८ वर आलीय. लाईट गेली तर म्हणून बॅटरीचा एअरपंप लावूनच ठेवलाय. दोघांना एकत्रच सोडतेय. पाऊण तासाने कळवते, भाऊ.