तीर्थनच्या ट्राउटसाठी तंगूस कोणता? मदत हवी आहे

मंडळी, एप्रिलमध्ये बेळगावहून आम्ही दोघे हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात ट्राउट मासे गळाने धरायला निघतोय. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची मासेमारीबंदी तोवर उठलेली असेल. मत्स्य विभागाचा परवाना तिथेच काढू, त्यामुळे तो प्रश्न नाही.

अडचण तंगुसाची, म्हणजे गळाच्या दोरीची आहे. हिडकल धरणावर रोहू-कटल्यासाठी कणकेचा गोळा लावून वापरतो ते सामान, म्हणजे ०.३५ मिमी तंगूस आणि ४००० आकाराचं रीळ, ट्राउटला जड पडणार. म्हणून ६ फुटी हलकी दांडी, २००० चं रीळ, ०.१८ मिमी मोनो (एकपदरी नायलॉन तंगूस) आणि ५ ग्रॅमचा स्पिनर (ओढताना पातं फिरणारं धातूचं कृत्रिम आमिष) अशी जुळणी केली. मार्कंडेय नदीत वाहत्या पाण्यात फेकून पाहिलं, तर थोड्याच वेळात तंगुसाला पीळ बसून रिळावर गुंता होतो. स्पूल (रिळाचा तंगूस गुंडाळायचा भाग) काठापासून २ मिमी खाली भरलाय, बेल (रिळावरची तंगूस अडवणारी तार) हातानेच बंद करतो, स्पिनरला लागूनच स्विव्हल (पीळ टाळणारी फिरती कडी) आहे. प्रवाहाविरुद्ध ओढताना पीळ सगळ्यात जास्त. वरच्या अंगाला फेकून प्रवाहासोबत ओढलं की कमी, पण स्पिनर तळाच्या दगडात अडकतो.

मासे परत सोडणार आहोत, म्हणून टोकाशी उलटा काटा नसलेला एकच गळ आणि जिवंत आमिष नाही. सोबतीच्या काकांना निसरड्या दगडांवर चालवत नाही, फेक काठावरूनच होणार.

तीर्थनसारख्या वेगवान, नितळ पाण्यात स्विव्हल स्पिनरपासून ४०-५० सेंमी वर बांधला तर पीळ थांबतो का? की मोनो सोडून बारीक ब्रेड (विणलेला तंगूस) आणि पुढे फ्लुरोकार्बन लीडरच (पाण्यात कमी दिसणारा, टोकाला जोडायचा तंगुसाचा तुकडा) घ्यावा, आणि घेतला तर लीडर किती लांब?