लँडिंग लाइट नाकात? माफ करा, पटत नाही

हिंगणा_शेड:
काल खडखड्यानं इथं ठोकून दिलं की घरी बांधलेल्या विमानाला लँडिंग लाइट एकच हवा, तोही नाकात, काउलिंगमध्ये (इंजिनावरच्या झाकणात). पंखात भोकं पाडणारे म्हणे शोबाज. मी तीन वर्षं शेडमध्ये रिव्हेट ठोकतोय आणि गेल्याच आठवड्यात डाव्या पंखाची लीडिंग एज, म्हणजे पुढची कड, दिव्यासाठी कापली. म्हणजे हा टोमणा मलाच, असं धरून उत्तर देतो.

नाकातला दिवा म्हणजे इंजिनाच्या उरावर बसलेला दिवा. जुन्या ४५०९ सीलबीम दिव्याचं (१०० वॅट) कागदावरचं आयुष्यच २५ तास, त्यात चार सिलिंडरचा थरथराट. पुढे दोन पात्यांचा प्रोपेलर, दर फेरीला दोनदा झोत कापणार. धुरकट हवेत डोळ्यांसमोर पांढरा पडदा. आणि ज्या नागपूरनं ४७.९ अंश पाहिलेत (२३ मे २०१३), तिथं इंजिनाच्या हवेची वाट अडवून मी दिवा बसवू?

शिवाय माझं टेलड्रॅगर आहे, तिसरं चाक शेपटीखाली. जमिनीवर नाक आभाळाकडे. एक दिवा उतरण्याच्या कोनात लावायचा, दुसरा टॅक्सीसाठी (जमिनीवर चालवताना) खाली झुकवून. एकुलत्या एका दिव्यात हे कसं जमवता, सांगा.

खडखड्या:
लीडिंग एजचा पत्रा म्हणजे सजावट वाटली का? पंखाचा पीळ तोच सोसतो. तिथं खिडकी कापायची, मग डबलर (जोडपत्रा) ठोकायचा, मग वाकवलेलं अॅक्रिलिक बसवायचं. १०० वॅट म्हणजे सात-आठ अँपिअर, दोन दिव्यांचे पंधरा, तेही पंखाच्या टोकापर्यंत वायर ओढून. माझी वायर हातभर.

आणि मुळात रात्री उडणार कोण? आपल्याकडे व्हीएफआर (नजरेनं बाहेर बघून उडणं) सूर्यास्ताला संपतं. एटीसीनं (हवाई वाहतूक नियंत्रणानं) स्थानिक उड्डाणाला सूट दिली तर गोष्ट वेगळी. दिवसा दिवे कोणाला दाखवायचे, घारींना?

घारवाला:
हो, घारींनाच! हसू नका. आणि दुसऱ्या विमानांनाही. अमेरिकेत एफएए, म्हणजे तिथलं विमान खातं, पायलटांना सांगते, दहा हजार फुटांखाली लँडिंग लाइट चालू ठेवा, दिवसासुद्धा. डावा-उजवा आळीपाळीनं लुकलुकला की लांबून नजर जाते. एका दिव्यात काय आळीपाळी करणार, काका? दिवसा दिवा नको म्हणता, मग तुमच्या गाडीचा का जळतो?

तर्री_मारके:
गाडीचा विषय काढला म्हणून. २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा बंदच होत नाही. व्हेरायटी चौकात रोज एक जण तरी सांगतो, "भाऊ, लाइट सुरू आहे." किती जणांना समजावायचं बे? आणि वरून पोट्टे बाजारातले पांढरे एलईडी लावून वर्धा रोडवर समोरच्याच्या डोळ्यांत सोडून राह्यले. परवा मी दुभाजकावर चढता चढता वाचलो.

खडखड्या:
हेच! कोन नीट न लावलेला दिवा बंद दिव्यापेक्षा वाईट.

तर्री_मारके:
ज्यानं लावला त्याले पकडत नाही, माझं पीयूसी तपासतात.

पुणेकर_फ्लॅप:
पुण्यात यापेक्षा वाईट आहे.

तर्री_मारके:
तुमच्याकडे सगळंच जास्त असते राजेहो. वाईटसुद्धा.

घारवाला:
विमानावर या रे कोणीतरी.

पुणेकर_फ्लॅप:
आलो. दोन दिवे लांब लांब असले की झोत एकमेकांना कुठं छेदतात त्यावरून उंची कळते. १९४३ मध्ये ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बरनी जर्मन धरणांवर पाण्यापासून ६० फूट उंची अशीच धरली होती.

खडखड्या:
ते धरण फोडायला गेले होते. हा सोनेगाव विमानतळाच्या ३२०० मीटर धावपट्टीवर उतरणार आहे, तेही दुपारी चारला. इतिहास शिकवू नका, माझी ९ वर्षं विमानाच्या ग्रीसमध्ये गेलीत.

हिंगणा_शेड:
९ वर्षं, आणि विमान अजून स्टँडवर. मी गप्प होतो, तुम्हीच वय काढलंत.

खडखड्या:
परवानगीच्या फायली वाचून बघ एकदा. अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधलं, तरी उडवायचं परमिट २०१९ ला हातात पडलं. स्टँडवर कोण हौसेनं ठेवतं?

हिंगणा_शेड:
बरं, तो शब्द मागे. दिव्याचा नाही.

रेडिओ_खरखर:
अँपिअर आणि थरथराट, दोन्ही भांडणं एलईडीनं मिटतात. फिलामेंटच नाही. पण स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर (वीज पुरवणारं सर्किट) विमानाच्या रेडिओच्या ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये असा किरकिरतो की टॉवर ऐकूच येत नाही. मित्राच्या विमानात दिवा लावला की स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) उघडायचा. शेवटी शिल्डेड वायर टाकली, फेराइट (खरखर शोषणारी कडी) अडकवले. पंखाच्या टोकात व्हीओआरचा (दिशा दाखवणाऱ्या रेडिओचा) अँटेना लपवला असेल तर दिवा तिथं नकोच.

खडखड्या:
…माझाही किरकिरतो. म्हणूनच सध्या बंद असतो.

घारवाला:
म्हणजे ज्या दिव्यासाठी दोन दिवस भांडलात तो लावतच नाही?

खडखड्या:
नाकातच आहे. बंद आहे, पण नाकात आहे.

हिंगणा_शेड:
असू द्या. एलईडी असेल तर थरथराटाचा मुद्दा मी सोडला. पात्याचा नाही सोडला. रविवारी शेपूट स्टँडवर उचलून, अंधार पडल्यावर भिंतीवर झोत टाकून कोन लावणार आहे. फेराइट दोन जास्तीचे आणलेत. काका, तुमचा दिवा काढून आणा.

खडखड्या:
किती वाजता?