घरातला माशांचा टँक : तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. आमच्या दोन फुटी टँकला येत्या पाडव्याला सहा वर्षं होतील. गेल्या महिन्याभरात ओळखीतल्या तिघांनी नवे टँक घेतले आणि तिघांचेही मासे पंधरा दिवसांत गेले. तिघांचा प्रश्न एकच, "पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं, मग मेले कसे?" म्हणून हा धागा काढतेय. ज्यांनी टँक सांभाळलाय त्यांनी वर आपल्या गावाचं नाव टाकून काय चुकलं, काय जमलं ते सविस्तर लिहा. सुरुवात माझ्यापासून.

आम्ही टँक, रंगीत खडी, फिल्टर आणि दहा मासे एकाच दिवशी घरी आणले. दुकानदार म्हणाला, पाणी भरा आणि संध्याकाळी मासे सोडा. चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले. मी घाबरून सगळं पाणी काढलं, खडी धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत चोळला. बाराव्या दिवशी दोनच मासे उरले. लेक तेव्हा सात वर्षांची होती. शाळेतून आली की दप्तर पाठीवरच ठेवून आधी टँकपाशी जायची आणि मासे मोजायची.

नंतर एका जाणत्या काकांनी नीट समजावलं. मासा श्वास घेतो, खातो, घाण करतो, त्यातून पाण्यात अमोनिया साठतो. तो डोळ्यांना दिसत नाही. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विषच. नायट्रेट मासे बरंच सोसतात आणि थोडं थोडं पाणी बदलून ते कमी करता येतं. हे जिवाणू खडीवर, काचेवर आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात. ती वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी घाण म्हणून तीच धुऊन टाकली होती.

उरलेले दोन मासे काकांनी त्यांच्याकडे नेले. आम्ही टँक पुन्हा भरला, फिल्टर चालू ठेवला आणि मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकत राहिलो. तपासणीचा किट आणला. नळीतल्या पाण्यात थेंब टाकायचे. पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, हिरवं झालं तर आहे. आधी आमची नळी रोज जास्तच हिरवी व्हायची. पस्तिसाव्या दिवशी ती पिवळीधमक राहिली, नायट्राइटही शून्य आलं. मग पाच गप्पी सोडले. पाचही जगले. आता दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलते आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच दोनदा दाबून परत लावते. नळाखाली कधीच नाही.

ठाणे

ताई, फार गरजेचा धागा. आमच्याकडे पाणी उत्तम होतं, जिवाणूही बसलेले होते, तरी एका दुपारी बारा टेट्रा (छोटे रंगीत मासे) गेले. झुरळांसाठी घरात औषध मारून घेतलं होतं. टँकवर मी झाकण ठेवलं, वरून चादर टाकली, पण एअर पंप चालूच राहिला. पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. कीटकनाशक माशांना अगदी थोडंही सोसत नाही. आता फवारणी असली की मासे झाकणाच्या बादलीत घालून शेजारच्या काकूंकडे ठेवतो, स्पंजही त्याच बादलीत. दिवाळीच्या आधी रंगकाम काढणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा.

नाशिक

एअर पंपाचा विषय निघालाच आहे तर आमचाही अनुभव. पंप टँकखालच्या कपाटात ठेवला होता. रात्री वीज गेली, नळीतून पाणी उलटं वाहत पंपात आलं आणि सकाळपर्यंत कपाटाचं प्लाय फुगून बसलं. वीज आली तेव्हा पंप ओला होता. कुणाचा हात लागला नाही हे नशीब. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा, नाहीतर नळीत पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. तो अगदी स्वस्तात मिळतो. वायरही आधी खाली झोल घेऊन मग प्लगकडे न्यावी, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलावरून खाली टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही.

आणि टँक ठेवायच्या जागेचा नीट विचार करा. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये काठोकाठ 56 लिटर पाणी मावतं. खडी आणि काच धरून सगळा भार 70 किलोच्या पुढे जातो. टीव्हीच्या शोकेसवर हे ठेवू नये. खाली थर्माकोलची शीट हवीच; पृष्ठभाग जरा जरी उंचसखल असला तरी तळाच्या काचेवर ताण येतो.

पुणे

मी गोल्डफिशसाठी लिहिते आहे. वाढदिवसाला काचेच्या गोल भांड्यात दोन गोल्डफिश भेट देऊ नका, अगदी हात जोडून सांगते. गोल्डफिश वीतभर वाढतो, घाण खूप करतो आणि नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. आमच्याकडे भेट आलेली जोडी मी आता तीन फुटी टँकमध्ये ठेवली आहे. मोठी मादी नऊ वर्षांची आहे. मी खोलीत आले की काचेशी येते आणि शेपूट हलवत तिथेच थांबते.

दुकानात 'शार्क' म्हणून बोटाएवढा, चकचकीत, पाठीवर उंच पंखाचा मासा देतात, त्याचंही तेच. तो पंगास आहे, मासळीबाजारात कापून विकतात तोच. मीटरभर वाढतो. मासा घेण्याआधी तो पूर्ण वाढल्यावर केवढा होणार हे विचाराच, आणि उत्तर स्वतः पडताळून पाहा.

डॅलस

पंचवीस वर्षं इथे आहे, टँक अठरा वर्षांपासून. नागपूरला बाबा नळाचं पाणी बादलीत भरून दिवसभर उघडं ठेवायचे. क्लोरीन उडून जायचा आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी चालायचं. मी इथे तेच केलं आणि मासे धापा टाकायला लागले. इथल्या नळाला क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग असतं, ते असं उडत नाही. त्यासाठी पाण्यात कंडिशनर, म्हणजे ते निकामी करणारं द्रावण, टाकावंच लागतं. परदेशातल्यांनी आपल्या शहराच्या पाण्यात काय घालतात ते आधी बघा, आईबाबांची पद्धत तशीच्या तशी उचलू नका. बादलीतल्या पाण्याचं तापमानही टँकशी जुळवून घ्या, इथे हिवाळ्यात नळाचं पाणी बर्फासारखं येतं.

कोल्हापूर

पांढऱ्या ठिपक्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण नव्या माणसाला हा रोग गाठतोच. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे कण दिसतात, मासा खडीला अंग घासतो, पंख मिटून राहतो. आमच्याकडे नवीन आणलेल्या दोन एंजल माशांबरोबर हा रोग आला.

यातली गोम अशी की अंगावर ठिपका असताना औषध त्या जंतूपर्यंत पोचतच नाही. जंतू माशाला सोडून तळाशी जातो, तिथे फुटून त्याची शेकडो पिल्लं पाण्यात मोकळी होतात आणि नव्या माशाच्या शोधात फिरतात. औषध लागू पडतं ते फक्त या फिरत्या पिल्लांना. तिसऱ्या दिवशी ठिपके गेले म्हणून मी औषध थांबवलं आणि आठवड्याने दुप्पट ठिपके आले. दुसऱ्या वेळी मात्र हिटरने तापमान दोन दिवसांत हळूहळू 30 अंशांवर नेलं, म्हणजे जंतूचं चक्र लवकर फिरतं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो म्हणून जास्तीचा एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) लावला. एक दिवसाआड तळाचं पाणी नळीने ओढून काढलं, काढलेल्या पाण्याच्या हिशोबाने औषध परत घातलं आणि ठिपके गेल्यावरही पुरे चौदा दिवस हे चालू ठेवलं. एक एंजल वाचला.

तेव्हापासून नवा मासा आधी वेगळ्या टबात तीन आठवडे. त्या टबाची जाळी, नळी, बादली, सगळं वेगळं.

सांगली

गप्पी! महानगरपालिकेचे लोक डासांच्या अळ्यांसाठी हौदात सोडायला देतात ना, त्यातले सहा आणले आणि आता मोजदाद सोडून दिली आहे. मादी महिन्याला वितेच, आणि नर काढून घेतला तरी पुढचे काही महिने पिल्लं होत राहतात, कारण ती शुक्राणू साठवून ठेवते. ज्यांना वाढ नको त्यांनी नुसते नर ठेवावेत, रंग त्यांनाच असतात. पिल्लं जगवायची असतील तर जावा मॉस या पाणवनस्पतीचा दाट गुच्छ टाका. आईच खाते हो, लपायला जागा हवी.

इंदापूर

सांगलीकरांना आणि सगळ्यांनाच विनंती. मासे जास्त झाले किंवा मोठे झाले म्हणून नदीत, तळ्यात, धरणात सोडू नका. मासा सोडून दिला म्हणजे पुण्य लागतं असं वाटणारे पुष्कळ आहेत. काच साफ करतो म्हणून आणलेला सकर हातभर वाढतो, टँकमध्ये मावेनासा होतो आणि मग पाण्यात सोडला जातो. उजनीच्या पाण्यात तो आता सापडतो. त्याचे कल्ले आणि पंखांचे काटे असे की जाळ्यात अडकला की जाळं फाडूनच काढावा लागतो, आणि बाजारात त्याला कुणी घेत नाही. आमच्या घरची जाळी आईने विणलेली आहेत. मासा नको असेल तर दुकानात परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या.

कल्याण

सगळं वाचून काढलं. दोन फुटी टँक परवाच घेतला आहे, मासे अजून आणलेले नाहीत. मुलगा रोज विचारतो आहे, पाच आठवडे त्याला कसं थांबवू? काही लवकर होण्याचा मार्ग आहे का?

डोंबिवली

आहे. चालू टँकमधला, निरोगी माशांच्या फिल्टरचा जुना स्पंज. त्यावरची वस्ती तुमच्या फिल्टरमध्ये आली की वेळ बराच वाचतो. माझ्या टँकमध्ये दोन स्पंज आहेत, एक तुम्हाला देते. रविवारी सकाळी मुलाला घेऊन या, येताना झाकणाचा डबा आणा. टँकच्याच पाण्यात बुडवून देईन. वाटेत कुठे न थांबता घरी जा आणि लगेच फिल्टरमध्ये लावा. तपकिरी, बुळबुळीत दिसेल, वासही येईल. धुऊ नका.